सहावं कलम

काकांना दरीचं नाव विचारलं की त्यांना खोकला यायचा. तो अगदी खरा वाटायचा. डोळ्यांत पाणी, छातीवर हात, आणि खोकला थांबेपर्यंत विचारणारा आपला प्रश्न विसरलेला असायचा. बाकी दरीबद्दल ते काहीही सांगायला तयार असत. आल्प्सच्या कुशीत आहे, तोंडाशी एक लाकडी दांडा आडवा टाकलेला आहे, त्याच्या पलीकडे एकही मोटार जात नाही, चौदा किलोमीटर नुसती खडीची वाट, बाजूने हिरवट पाण्याचा ओढा, शेवटी गाईंचं कुरण आणि तिथे एक झोपडीवजा घर. हे सगळं ते तासभर सांगत. मग कोणीतरी म्हणे, "वा काका, कुठे आहे ही दरी?" की लागलाच खोकला.

त्यांचं म्हणणं असं की सगळ्या माणसांनी मोटारी सोडून सायकलवर यावं, डोंगरांवर सगळ्यांचा सारखा हक्क आहे, आणि या दरीत मात्र कोणी येऊ नये. चळवळ सगळ्यांची, दरी त्यांची. मी असले लोक लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची, आणि ती लिहिणारे बरेचसे असेच असायचे. तरी काकांसारखा नमुना मला जर्मनीत येऊन भेटायचा होता.

ते माझे नात्याने कोणी नव्हते. म्युनिकजवळ गार्चिंगला विद्यापीठात शिकत असताना मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. मराठी माणसं आहेत, जेवणाची सोय होईल, एवढाच हिशोब. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी मांसाहार करते का हेही विचारलं नाही. दारातच म्हणाले, "गाडी आहे?"

"नाही."

"लायसन्स?"

"पुण्याचं आहे. दुचाकीचं."

"इथलं काढायचा विचार?"

"अजिबात नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "अहो, चहा टाका. खोली गेली."

काकू बाहेर आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आधीच्या मुलाने गाडी घेतली म्हणून त्याला जायला सांगितलं. सेकंडहँड होती बिचाऱ्याची."

घराच्या दिवाणखान्यात शिरलं की डाव्या हाताला देवघर आणि उजव्या हाताला सायकल. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी पण जाड, खरबरीत टायरांची, खडीच्या वाटेवर चालणारी. देवांना सकाळी एकदा पुसलं जाई, सायकलला दोनदा. तिच्या साखळीसाठी जुना टूथब्रश होता आणि तो कोणी चुकून बेसिनवर ठेवला तर काका दिवसभर बोलत नसत. टायरमधली हवा ते यंत्राने मोजत नसत, अंगठ्याने दाबून बघत. मग तोच अंगठा काकूंना दाखवून म्हणत, "परफेक्ट." काकू अंगठ्याकडे बघून मान हलवत. त्या अंगठ्यात काय बघायचं हे त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

सायकलच्या वर एक फळी होती आणि फळीवर लोणच्याच्या बरण्या. पहिल्या आठवड्यात मी जेवताना उठून एक बरणी काढली. आत खडी. दुसरीत खडी. सगळ्यांत खडी. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'इझार नदीच्या काठची, गोल, पांढरी.' 'दरीचा दुसरा किलोमीटर, पाऊण इंची, धारदार.' 'पुलाच्या अलीकडे, मुरूम जास्त.'

"ते खडीचं लोणचं आहे," काकू म्हणाल्या. "मुरायला ठेवलंय. आपलं त्या खालच्या कप्प्यात."

बरण्यांवरून मी काकांची बरीच चेष्टा केली, आणि एक दिवस त्यांनी कारण सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही, एरवी त्यांचा तो भाजीत मीठ कमी असलं तरी चढायचा. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा एक मैल त्यांच्याकडे. त्या मैलावरची खडी पसरायची, खड्डे भरायचे, पाणी मारायचं, रोलर फिरल्यावर सुटलेले दगड पुन्हा वेचायचे. लहानपणी काकांना त्यांनी खडी हाताने ओळखायला शिकवली. डोळे मिटून मूठ भरायची आणि सांगायचं, दोन इंची की पाऊण इंची, नदीची की खाणीची.

"आणि साहेबांची जीप आली," काका म्हणाले, "की वडील बाजूच्या चारीत उतरायचे. स्वतः पसरलेल्या खडीवरून. घमेलं हातात धरून. जीप हॉर्न वाजवत जायची. मी पण उतरायचो."

मग जरा थांबून म्हणाले, "या दरीत हॉर्न नाही. चौदा किलोमीटर कोणाला चारीत उतरावं लागत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. माणसाच्या तत्त्वामागे असा एक अपमान असला की मला ते तत्त्व लगेच पटतं. त्या तत्त्वाखाली आणखी कोणी चेंगरतंय का हे बघायचं मात्र राहून जातं.

खरी गंमत त्यांच्या नोकरीत होती. मोटारींचा इतका तिटकारा असलेला हा माणूस तीस वर्षं मोटारींसाठीच काम करत होता. त्यांची कंपनी छोट्या विजेच्या मोटरी बनवायची. गाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या, वायपर फिरवणाऱ्या, आणि शेवटच्या काही वर्षांत ई-बाईकच्या. काकांचं काम एकच: मोटरीतला आवाज घालवणं. आतल्या दातेरी चाकाचा दाता किती मिलिमीटर, कुठल्या प्लास्टिकचा, कुठल्या कोनात, म्हणजे ती गुणगुणणार नाही. ते कान लावून बसत. घरात मिक्सर सुरू झाला की आतल्या खोलीतून सांगत, "बेअरिंग जातंय." फ्रीज, पंखा, शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र, कोणाचं काय झिजलंय हे त्यांना भिंतीआडून कळे.

"जग गोंगाटाने मरणार आहे," ते म्हणत.

"म्हणून तुम्ही त्याला बिनआवाजाच्या मोटरी देता?" मी विचारायची.

"आल्झो, तर काय, पोट आहे ना," ते म्हणत, आणि विषय बदलत.

ई-बाईकवर त्यांचा विशेष राग. आपण स्वतः बनवलेल्या वस्तूवर माणूस एवढा चिडलेला मी पाहिला नाही. "आत काय आहे ते मला माहीत आहे," ते म्हणत. "ती सायकल नाही. ती सायकलचे कपडे घातलेली मोटार आहे."

रविवारी पहाटे आम्ही निघायचो. आधी यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, मग म्युनिकहून डोंगरांकडे जाणारी रेल्वे. सायकलींच्या डब्यात आधीच चाकं एकमेकांत अडकलेली असत. काका तिथे उभे राहून सहप्रवाशांना सांगत की ते रेल्वेने येऊन किती मोठं काम करत आहेत. लोक मान हलवून कानात पुन्हा गाणी घालत. दरीच्या पायथ्याचं स्टेशन आलं की आम्ही उतरून दोन किलोमीटर पेडल मारत त्या आडव्या दांड्यापाशी जायचो.

तो दांडा आणि त्याच्या अलीकडचं मैदान मी विसरणार नाही. पलीकडे वाहनमुक्त दरी. अलीकडे वाहनांचा बाजार. उंच, चकाकत्या, रणगाड्यांसारख्या गाड्या ओळीने लागलेल्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर सायकल. शंभर किलोमीटर मोटार हाकत यायचं, मोकळ्या हवेच्या दाराशी इंजिन बंद करायचं, आणि टपावरची सायकल काढून निसर्गात शिरायचं. संध्याकाळी परत जाऊन सोमवारी कुठल्यातरी नव्या हायवेला पाठिंबा द्यायचा. एक दरी कुलूप लावून जपायची आणि बाकी सगळा देश डांबराला द्यायचा, या व्यवस्थेला हे लोक निसर्गप्रेम म्हणतात. दांडा खरं तर उलट्या बाजूला हवा. मोटारींना त्या मैदानात कोंडायला.

काका दांड्याखालून सायकल सरकवताना क्षणभर थांबत. मागे बघत नसत. पण पाठ सरळ करत, आणि मग जात.

ते नेहमी पुढे. मी मागे. सुरुवातीचे नऊ-दहा किलोमीटर तरी दिसत राहायचे, मग लाकडी पूल यायचा, पुलानंतर वाट झाडीत वळायची आणि खरा चढ सुरू व्हायचा. तिथे काका सीटवरून उठून उभ्याने पेडल मारत वळणाआड जात. मी उतरून सायकल ढकलत वर पोचले की ते दगडावर बसलेले, गूळदाणे खात, श्वास शांत.

"आलीस?" मग घड्याळाकडे बघून, "हं."

त्या 'हं'साठी मी दोन वर्षं मेले.

वर कुरणावरच्या घरात एक म्हातारी बाई उन्हाळाभर गाई घेऊन राहायची. तिथल्या भाषेत त्या जागेला आल्म म्हणतात. ती आम्हाला पितळी भांड्यातून ताक द्यायची आणि काका पिशवीतून काकूंच्या दशम्या काढून तिच्यापुढे ठेवायचे. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, वरून तुपाचं बोट. ती बाई एक दशमी सावकाश खायची, बोटं चाटायची, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायची: "हे ज्या बाईने केलं ती कधी येणार?"

"नेक्स्टेस माल," काका म्हणत. पुढच्या वेळी.

मला वाटायचं हा त्यांचा जुना विनोद आहे.

काकू एकदा आल्या होत्या, हे मला त्यांनीच भाकरी थापता थापता सांगितलं. जर्मनीत आल्याच्या दुसऱ्या वर्षी. सांगलीला कॉलेजात त्या सायकलनेच जायच्या, वाऱ्याविरुद्ध सुद्धा. पण इथे काका भराभर पुढे गेले. पहिल्या चढावर घड्याळ धरून उभे. काकू पोचल्या तेव्हा म्हणाले, "चोवीस मिनिटं."

"मग?"

"मग मी तिथूनच परत फिरले. उतारावर बरं वाटलं." त्यांनी भाकरी उलटली. "नंतर मुलगी झाली, नंतर गुडघा गेला. त्यांना वाटतं मला आवड नाही. असू दे. दशम्या जातात ना दर रविवारी. निम्मी मी जातेच."

काकू हसल्या. मीही हसले, कारण अजून मला काही कळलं नव्हतं.

ते कळलं पत्रकामुळे. काकांच्या निवृत्तीचं वर्ष होतं. ऑक्टोबरमध्ये दोघं कायमची पुण्याला जाणार होती. त्यांची कार्ल्सरूहेची मुलगी फोनवर रोज जर्मनमध्ये त्यांना वेड्यात काढत होती आणि काकू तिला रोज मराठीत गप्प करत होत्या. त्यात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना दरीचा पत्ता लागला. हे गृहस्थ सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गाडी एवढी मोठी की तिच्या सावलीत दुसरी गाडी उभी राहील. त्यांनी जाहीर केलं की यंदाचं मंडळाचं वनभोजन त्या दरीत, सगळ्यांना भाड्याने ई-बाईक.

काकांना तीन दिवस खोकला आला नाही, इतके ते चिडले होते.

"पत्रक काढायचं," ते मला म्हणाले. "तुला लिहिता येतं."

मला लिहिता येतं म्हणजे काय, मी लिहिण्यासाठी जन्मले होते. एका बैठकीत लिहिलं. 'मराठी बंधुभगिनींनो, खडी तुम्हाला हाक मारत आहे.' खाली सहा कलमं. पहिलं, घरापासून दरीपर्यंत रेल्वेनेच. दुसरं, ज्याचं पंक्चर त्यानेच काढावं. तिसरं, चढावर पुण्यातल्या फ्लॅटविषयी आणि जर्मन पासपोर्टविषयी बोलू नये. चौथं, गटाचा वेग सर्वांत मागच्याचा. कोणालाही मागे टाकून जाऊ नये. पाचवं, गाईला घंटी वाजवू नये, वाट तिची आहे. सहावं, मोटर चालणार नाही: छोटी, मोठी, उघडी किंवा झाकलेली, कोणत्याही कारणासाठी, कोणालाही.

चौथं कलम माझं. ते लिहिताना मला भरून आलं होतं. सहावं काकांचं. 'कोणत्याही कारणासाठी, कोणालाही' हे शब्द मात्र मी घातले. जोर येतो.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. शेंगा सोलत वाचला, एकदा, मग पुन्हा.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "चौथं फार छान आहे."

"तेच मुख्य आहे, काकू."

"हो. आता चौथं आणि सहावं जोडून वाच." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "गटात सगळ्यात मागची मी. माझा गुडघा असा. मोटर मला चालणार नाही. मग गट माझ्यासाठी थांबणार कुठे? इथे, स्वयंपाकघरात?"

काका सायकलपाशी होते. साखळीवरचा टूथब्रश थांबला.

"अहो, तुम्हाला कुठे यायचं असतं?" ते म्हणाले.

"विचारलंत कधी?"

"आल्झो..." काका म्हणाले. थोड्या वेळाने टूथब्रश पुन्हा सुरू झाला. पत्रक छापायला गेलं. एक शब्द न बदलता. मी बदलू शकले असते. मी म्हटलं, तत्त्व एका माणसासाठी वाकवलं की ते तत्त्व राहत नाही. हे वाक्यही माझं स्वतःचं नव्हतं, कुठल्यातरी पत्रकातलंच होतं.

गणपतीत आरतीनंतर आम्ही हॉलच्या दारात उभं राहून पत्रकं वाटली. अध्यक्षांनी एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुम्ही फार एक्स्ट्रीम आहात. आम्ही पण पर्यावरणासाठीच जातो हो. दोन गाड्यांत चार सायकली बसतात."

"सायकली बसवायला दोन गाड्या लागतात, हेच लिहिलंय," मी म्हटलं.

"ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"भाडेकरू," काका म्हणाले. मला जरा लागलं.

"आणि काका, ई-बाईकची मोटर तुमच्याच कंपनीची आहे ना? फार स्मूथ आहे. मिसेस म्हणतात, चालू आहे की बंद तेच कळत नाही."

काकांनी हातातला पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. पण मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण, फक्त अर्धा, जे आलं ते रागासारखं नव्हतं.

लोकांनी पत्रकं घेतली आणि मोदकाखाली धरली. अध्यक्षांनी वनभोजन शेवटी एका तळ्याकाठी नेलं, कारण तिथे पार्किंग चांगलं होतं. आमच्या विचारांचा विजय झाला तो असा. उरलेला गठ्ठा घरी आणला आणि काकूंनी तो स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाई कुरणावरून खाली आणतात आणि वरचं घर बंद होतं. त्याआधीचा एकच रविवार उरला होता. गुरुवारी मी भांडी पुसत असताना काकू म्हणाल्या, "मला यायचंय. एकदा बघायचंय माझ्या दशम्या इतकी वर्षं कुठे गेल्या ते."

"काकांना सांगते."

"त्यांना सांगायचं नाही. सांगितलं की ते समजावून देतील. तीस वर्षं समजावून घेतलं."

मी आयुष्यात खोटं बोलायचं टाळत आले होते. शनिवारी काकांना सांगितलं की सोमवारी क्लाउझुर आहे, परीक्षा, मी येत नाही. ते म्हणाले, "जा, जा, अभ्यास कर," आणि रविवारी पहाटे दशम्यांची पुरचुंडी घेऊन नेहमीच्या गाडीने गेले. आम्ही तासाभराने मागच्या गाडीने.

स्टेशनबाहेर ई-बाईक भाड्याने देणाऱ्या सायकलवाल्याने काकूंना उंची आणि वजन विचारलं. उंची खरी सांगितली. पंजाबी ड्रेस, पायात माझे बूट. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा त्यांनी तिथेच, दुकानाच्या काचेत बघत, अंबाडा सोडून वेणी घातली. मोटरीवर काकांच्या कंपनीचं नाव होतं. काकूंनी ते ओढणीच्या टोकाने पुसलं, जसं काका सायकल पुसतात तसं.

दांड्याखालून त्या सायकल घेऊन वाकून निघाल्या आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. समोर वाट, पांढरी, सरळ. कुठेतरी खाली पाणी. "बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या मोटर चालू करून भुर्रकन जातील. त्या माझ्या वेगाने आल्या. मी धापा टाकत पुढे जायला सांगितलं तर म्हणाल्या, "चौथं कलम तूच लिहिलंस ना?" वाटेत एक गाय आडवी उभी होती. काकू उतरून, ती बाजूला होईपर्यंत तिच्याशी सांगलीच्या मराठीत बोलल्या. पूल आला. चढ सुरू झाला. मी नेहमीप्रमाणे उतरून ढकलायला लागले आणि काकू शेजारून अगदी मंद, चालत्या माणसाच्या गतीने, सायकलवर. त्यांना आता सवय झाली होती, आणि त्या गुणगुणत होत्या.

वळण घेतलं आणि समोर काका होते.

उभ्याने पेडल मारत नव्हते. चालत होते. दोन्ही हात हँडलवर, मान खाली, सायकल ढकलत, दर पंधरा पावलांनी थांबत. शेवटचा रविवार म्हणून ते वाटभर खडी वेचत आले असावेत, कारण जाकिटाचे दोन्ही खिसे लोंबत होते. पण थांबणं खडीसाठी नव्हतं. श्वासासाठी होतं. वळणाआड गेलं की ते दर रविवारी उतरत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढे जायचे ते यासाठी. मग वर दगडावर बसायचे, श्वास जागेवर आणायचे, गूळदाणे तोंडात टाकायचे, आणि मला 'हं' म्हणायचे.

त्यांना मागून काहीतरी ऐकू आलं. न वळताच ते जर्मनमध्ये, अनोळखी माणसाशी बोलतात तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मोटरीतलं चाक झिजलंय. दाखवून घ्या. चांगली मोटर गुणगुणत नाही."

"मोटर नाही," काकू मराठीत म्हणाल्या. "मी गुणगुणत होते."

काका वळले. काकूंकडे पाहिलं, वेणीकडे, हेल्मेटकडे, मग खाली मोटरीकडे, आणि मग माझ्याकडे.

"तुझी क्लाउझुर?"

"नापास झाले, काका."

"तुम्ही उतरलात का हो?" काकूंनी विचारलं.

"खडी बघत होतो."

"दर रविवारी?"

काकांनी खिशात हात घातला, मूठभर खडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात टाकली. "चढ फार आहे," ते म्हणाले. "पूर्वी जमायचा."

मी वाट बघत होते की आता काकू बोलतील. तीस वर्षांचं, घड्याळाचं, चोवीस मिनिटांचं. त्यांच्या जागी मी असते तर उभ्या उभ्या पत्रक काढलं असतं.

"चौथं कलम काय होतं गं?" त्यांनी मला विचारलं.

"गटाचा वेग सर्वांत मागच्याचा."

"मग चला," त्या काकांना म्हणाल्या. "आज मागचे तुम्ही."

आणि त्यांनी मोटर सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवली आणि काकांच्या शेजारून, त्यांच्या पावलांच्या गतीने, ते थांबले की थांबत, चढायला लागल्या. काका कान देऊन ऐकत होते. एकदा तर वाकून सायकलच्या पोटापाशी कान नेला.

"आवाज येत नाही," ते म्हणाले.

"नाही येत."

"अजिबात येत नाही." मग चार पावलं गेल्यावर, "हा दाता बसवायला तीन वर्षं गेली."

"माहीत आहे. तेव्हा तुम्ही माझ्या मिक्सरवर किती बोलायचात."

वर घराचं अर्धं सामान बाहेर काढलेलं होतं. गाईंच्या गळ्यात बांधायच्या मोठ्या घंटा पायरीवर ओळीने मांडलेल्या. म्हातारीने आम्हाला तिघांना बघितलं आणि काही विचारलं नाही. काकूंचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले, आणि आत जाऊन ताकाची भांडी आणली. चार.

काकांनी पिशवीतून दशम्या काढल्या. काकूंनी पहाटे फडक्यात बांधून वर कागद गुंडाळला होता, आणि कागद म्हणजे आमचं पत्रक. गठ्ठा संपायला हवा होता. म्हातारीने ते टेबलावर सपाट केलं आणि त्या वळणदार अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "हे काय लिहिलंय? प्रार्थना आहे?"

"नियम आहेत," काका म्हणाले. "या दरीचे."

"माझ्या दरीचे?" ती हसली. "वाचा."

काकांनी चष्मा लावला. एकेक कलम जर्मनमध्ये सांगू लागले. रेल्वेचं ऐकून तिने मान डोलावली. पंक्चरचंही पटलं. पासपोर्टचं तिला कळलं नाही. चौथ्याला काकांचा आवाज जरा बसला, तरी पूर्ण सांगितलं. पाचव्याला ती इतकी खूश झाली की घरात जाऊन चार खिळे घेऊन आली, कागद दाराजवळ लावायला.

"आणि शेवटचं?" हातोडी हातात धरून तिने विचारलं. "सहा आहेत ना? मला मोजता येतं."

काकूंनी दशमीचा तुकडा मोडला आणि ताकात बुडवला. वर बघितलं नाही.

काकांनी कागद उजेडाकडे धरला. जवळ नेला, लांब नेला. तीस वर्षं मिलिमीटरचा दाता नुसत्या डोळ्यांनी तपासणारा माणूस.

"शेवटचं वाचता येत नाही," ते म्हणाले. "त्यावर तूप सांडलंय."

खिळे मी ठोकले, त्यामुळे कागद माझ्या नाकासमोर होता. तुपाचा डाग वर होता, मथळ्यावर, 'बंधुभगिनींनो'च्या अंगावर. सहावं कलम कोरडं ठणठणीत होतं.